मोजायची राहिलेली तार

आमच्या ह्यांना भागाकार येत नव्हता. बेरीज यायची, वजाबाकी बोटांवर निभायची, पण पावकी-निमकीशी गाठ पडली की चेहरा पार उतरायचा. मी शाळामास्तरांची मुलगी. मराठी पाचवीपर्यंत शिकलेली, आणि वडिलांनी पाढे असे घोटून घेतलेले की झोपेत विचारलं तरी दिडकी सांगेन. लग्न ठरताना ह्यांची ही गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नाही. सांगतंय कोण! जावई अंगापिंडानं चांगला आहे, घरी विहीर आहे, एवढ्यावर वडील खूश झाले.

यांचं घर लोणीला. तीन भावांत हे मधले. खळ्यावर वाटे घालायची वेळ आली की थोरले दीर मुद्दाम ह्यांनाच हाक मारायचे, "सांग रं, सतरा पोत्यांचं तीन वाटं कसं करशील?" हे बोटं मोजायला लागायचे. मग सगळं खळं हसायचं. जाऊबाई पदराआड हसायच्या आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडं बघायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नवऱ्याला कुणी हसलं की बायकोनं कुठं बघायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी आपली पायाच्या अंगठ्यानं भुई उकरत उभी राहायची.

त्याच खळ्यावरून एक दिवस हे उठले ते पुण्याला गेले आणि एका कारखान्यात तेलाच्या इंजिनावर राहिले. हात चांगला बसल्यावर जुन्नरच्या पेठेत एका शेठजींच्या पिठाच्या गिरणीवर मिस्त्री म्हणून लागले. गिरणीच्या मागं एक खोली मिळाली, तिथं मी चूल मांडली. जुन्नरला हसणारं कोणी नव्हतं. इंजिन अडलं की हे त्याच्या अंगाला कान लावायचे, एक चाकी इकडची तिकडं करायचे, की ते पुन्हा सुरू. दळण घेऊन आलेल्या बाया म्हणायच्या, "मिस्त्री, लई गुणाचा हात हाय बाबा तुमचा." ह्यांची मान ताठ झालेली मी पहिल्यांदा पाहिली ती तिथं. मी मनात म्हटलं, देवा, आता एवढंच राहू दे.

शेठजींचे पूर्वज कधीतरी मारवाडातून आलेले. आता बोलणं-चालणं सगळं आमच्यासारखं, फक्त जेवणं दिवस मावळायच्या आत. त्यांच्या घरात दिवेलागणीनंतर चूल पेटत नसे. शेठजींच्या आई फार कनवाळू. समईवर पतंग झेप घालून मरतात याचा त्यांना इतका त्रास व्हायचा की पुष्कळदा त्या अंधारातच माळ जपत बसायच्या. पुण्याला कुणाच्या घरी त्यांनी विजेचा दिवा पाहिला. आग काचेच्या आत, किडा येतो, काचेला आपटतो आणि आपल्या वाटेनं जातो. झालं! तेव्हापासून त्यांनी लेकाच्या मागं धोशा लावला की नातीच्या लग्नात मांडवात हेच दिवे पाहिजेत.

शेठजींनी पुण्याहून एक जुना डायनामो आणला, आणि तो गिरणीच्या इंजिनाला पट्ट्यानं जोडला. ह्यांना बोलावून म्हणाले, "मिस्त्री, मांडवात वीस दिवे लागले पाहिजेत. जमलं तर विजेचं काम कायमचं तुमच्याकडं, खोलीही तुमची. नाही जमलं तर मला पुण्याचा माणूस ठेवावा लागेल, आणि दोन-दोन मिस्त्री मला परवडायचे नाहीत." शेठजी वाईट बोलले नाहीत, जे होतं ते सांगितलं. पण मी दाराआडून ऐकत होते आणि मला त्यातलं एवढंच कळलं की दिवे लागले तर जुन्नर, नाही लागले तर लोणीचं खळं.

डायनामो बसवायला पुण्याहून आलेला माणूस एक दिवस राहिला. त्यानं ह्यांना तोंडीच सगळं समजावलं आणि संध्याकाळच्या टांग्यानं निघून गेला. हे चुलीपाशी येऊन बसले आणि विसरायच्या आत मला सगळं सांगू लागले. दोन काटे आहेत, एक व्होल्टचा, एक अँपिअरचा. व्होल्ट म्हणजे रेटा. मोट जेवढी उंचावर रिती होईल तेवढा पाण्याला रेटा, तसं. अँपिअर म्हणजे पाटातून किती पाणी चाललंय ते. आणि तार असो नाहीतर दिवा असो, तो पाण्याला अडवतो, ती अडवण.

"व्होल्टला अँपिअरनं भागलं की अडवण निघती, ती ओहमात मोजत्यात," हे म्हणाले आणि 'भागलं' म्हणताना त्यांनी मान खाली घातली. "आन् दोघांचा गुणाकार केला की वॉट. म्हंजे ताकद."

"मग एका दिव्याला किती?" मी विचारलं. माझ्या पुढ्यात काटवटीत पीठ होतं. मी बोटानं ते सपाट केलं.

"एकच दिवा लावून बघितला. व्होल्टचा काटा एकशेदहावर, अँपिअरचा अर्ध्यावर."

मी पिठात आकडे मांडले. एकशेदहा भागिले अर्धा, दोनशेवीस. ह्यांनी वाकून पाहिलं आणि चिडलेच. "आगं, भागलं की कमी व्हतं ना? भाकरी अर्धी केली तर वाढती व्हय?"

"भाकरी अर्धी नका करू. एकशेदहा भाकऱ्या आहेत, माणशी अर्धी द्यायची. पंगतीला किती माणसं बसतील?"

ह्यांनी पिठातल्या आकड्यावरून बोट फिरवलं. मग एकदम हसले. "दोनशेवीस! आयला!" असं मनमोकळं हसणं मी लोणीला कधी ऐकलं नव्हतं. मलाही हसू आलं, पण लगेच दाराकडं बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. मिस्त्रीला बायको गणित शिकवते, हे पेठेत फुटलं असतं तर संपलंच होतं.

मग रोजचाच परिपाठ झाला. हे दिवसभर काटे बघून यायचे, आकडे तोंडी सांगायचे, मी पिठात हिशेब करायची आणि त्यावर पाणी घालून भाकरीचं पीठ मळून टाकायची. दिव्याची ताकद पंचावन्न वॉट, वीस दिव्यांची अकराशे, ते मळलं गेलं. अर्ध्या अर्ध्यानं वीस दिव्यांचे अँपिअर दहा, डायनामोला दहाच झेपतात, बरोबर बसतंय, तेही मळलं गेलं. दुसऱ्या दिवशी हे शेठजींपुढं ते आकडे पाठ म्हणायचे आणि शेठजी मान डोलवायचे. मला अभिमान वाटायचा का? वाटायचा, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या दुप्पट लाज वाटायची. बाईनं नवऱ्याच्या पुढं पाऊल टाकू नये, असं ऐकत वाढलेली मी, आणि घरात रोज एक पाऊल पुढं टाकत होते.

राहिली होती तार. मांडव होता पेठेच्या दुसऱ्या टोकाला, शेठजींच्या वाड्यासमोर. तो पुण्याचा माणूस सांगून गेला होता की या तारेची शंभर वावांना, म्हणजे दोन्ही हात पसरून शंभरदा मोजलेल्या लांबीला, अर्धा ओहम अडवण, आणि वाटेत दहा व्होल्टपर्यंत गेले तर चालतील, त्याहून जास्त गेले तर दिवे लाल पडतील. मी विचारलं, "गिरणीपासून मांडव किती लांब?" हे दोर घेऊन गेले आणि मोजून आले. "दोनशे वाव."

म्हणजे एक ओहम. दहा अँपिअर, एक ओहम, वाटेत दहा व्होल्ट जाणार. मांडवात शंभर पोचणार. अगदी काठावर, पण चालतंय. मी पीठ मळलं आणि आम्ही दोघंही निश्चिंत जेवलो.

विहिरीपासून शेताच्या बांधापर्यंत पाट किती लांब, हे मोजायची ह्यांना लहानपणापासून सवय. मोटेचं पाणी पाटातून जातं, वाफ्यात मुरतं, ते काही विहिरीत परत येत नाही. पाट एकदाच मोजायचा असतो. मीही त्याच मुलखातली. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

लग्नाच्या दिवशी पाहुण्यांची जेवणं उन्हं असतानाच उरकली. मग सगळे मांडवात येऊन बसले. खायचं-प्यायचं काही उरलं नव्हतं, उरले होते ते फक्त दिवे. एका बाजूला पुरुषमाणसं, वरपक्ष पुण्याचा, जरा तोऱ्यातला. दुसऱ्या बाजूला आम्ही बायका. शेठजींच्या आई मला हाताला धरून पुढं बसवायला लागल्या, "मिस्त्रीणबाई, तुमच्या घरचे दिवे, तुम्ही मागं कशा?" मी नवं लुगडं नेसले होते. अंधारून आलं. गिरणीकडून इंजिनाचा आवाज ऐकू यायला लागला.

दिवे लागले. म्हणजे लागले असं म्हणायचं. वीसच्या वीस काचांमध्ये एकेक तांबडा केसासारखा धागा दिसला, इंगळ विझत आल्यावर दिसतो ना, तेवढाच. त्यांच्या उजेडात शेजारणीच्या लुगड्याचा रंगही कळेना.  मग वरपक्षातून कुणीतरी म्हणालं, "हे पेटायचेत अजून, की हेच?" आणि खसखस पिकली.

शेठजींनी माणूस पाठवून ह्यांना बोलावून घेतलं. हे गिरणीतून तसेच आले, हात तेलकट, कपाळाला घाम. मांडवाच्या मधोमध उभे राहून दिव्यांकडं बघायला लागले.

"काय झालं, मिस्त्री?" शेठजींनी विचारलं. आवाज चढवला नाही त्यांनी, पण सगळं ऐकत होतं. "हिशेब तर बरोबर होता ना?"

 सवयीनं ह्यांची नजर बायकांच्या बाजूला वळली, मला शोधायला लागली. त्या क्षणी मला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. आणि त्याच वेळी मांडवाच्या खांबाकडं माझं लक्ष गेलं. खांबावरून तारा खाली उतरल्या होत्या. दोन. आठवडाभर त्या दोन तारा मी रोज बघत होते, त्यांच्याखालून पाण्याला जात होते, पण मोजताना आम्ही एकच धरली होती. गेलेली वीज दुसऱ्या तारेनं परत यायची असते. दोनशे जायचे, दोनशे यायचे. चारशे वाव, दोन ओहम. दहा अँपिअर यायचे म्हटले तर वीस व्होल्ट वाटेतच खलास. दहा दिवे काढले तर पाच अँपिअर, म्हणजे दहाच व्होल्ट जातील, आणि उरलेले दिवे चांगले लागतील. पिठाशिवाय, बोटाशिवाय, तिथल्या तिथं गणित सुटलं.

पण सांगू कसं? भर मांडवात, दोन्हीकडच्या मंडळींसमोर, नवऱ्याला हाक मारून "अहो, दहा काढा" म्हणायचं? त्या काळी ते शक्यच नव्हतं. आणि बायकांचं दुसरंच चाललेलं. खोळंबा झाला म्हणून त्यांनी नाव घ्यायचा खेळ मांडला होता. एकेकीला धरून उखाणा घ्यायला लावत होत्या. शेठजींच्या आईंनी, बिचाऱ्या माझी लाज झाकायलाच असेल, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आता आमच्या मिस्त्रीणबाई नाव घेतील."

बाईनं चारचौघांत मोठ्यानं बोलावं आणि सगळ्यांनी गप्प होऊन ऐकावं, अशी आमच्यात ही एकच वेळ. मला वाटलं, देवच धावून आला. मी उभी राहिले आणि म्हटलं,

"वीस पणत्या लावल्या ओळीनं, दहा घेतल्या काढून,
आमच्या धन्यांचं नाव घेते, उजेड आला वाढून."

शेवटी त्यांचं नावही घेतलं, खणखणीत. ह्यांनी झटकन वर बघितलं. त्यांना कळलं. डोळ्यांत दिसलं मला, त्यांना अगदी पुरतं कळलं. शिडी तिथंच खांबाला टेकलेली होती. दोन पावलांवर.

पण कळलं ते एकट्या ह्यांनाच नाही. वरपक्षातला एक जाडजूड पाहुणा मांडी थोपटत हसला. "ऐकलंत का मिस्त्री? घरातून हुकूम सुटलाय! दहा काढा म्हणतायत!" दुसरा म्हणाला, "आता कळलं, गिरणी कोण चालवतं ते!" आणि मांडवात हशा फुटला. पुरुष हसले, बायका हसल्या, शेठजीही गालातल्या गालात हसले. तेच लोणीचं खळं, फक्त माणसं दुसरी.

ह्यांची मान खाली गेलेली मला त्या तांबड्या उजेडातही दिसली. त्यांनी शिडीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं नाही. मग वळले आणि गिरणीच्या दिशेनं चालायला लागले. मी मनात ओरडत होते, अहो, शिडी! शिडी राहिली! आता दिवा काढला असता तर बायकोचा हुकूम ऐकला असं झालं असतं, म्हणून ते शिडीवर चढले नाहीत. एवढीशी गोष्ट. मी तोंड उघडलं नसतं तर कदाचित चढलेही असते.

थोड्या वेळानं इंजिनाचा आवाज वाढला. आणखी वाढला. मला कळलं हे काय करताहेत. रेटा वाढवताहेत. मोट जोरानं हाणून लांबच्या वाफ्यात पाणी पोचवतात, तसं. दिवे तांबड्याचे पिवळे झाले, पिवळ्याचे पांढरे झाले, आणि सगळा मांडव लख्ख उजळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "वा मिस्त्री, वा!" शेठजींच्या आईंनी दिव्याकडं बघून हात जोडले. एकटी मी अशी होते की जिचा जीव थाऱ्यावर नव्हता. जुना डायनामो, दहाच अँपिअर झेपणारा, त्याला हे गुरासारखं हाणत होते.

फार वेळ लागला नाही. दिवे एकदा फडफडले आणि काळोख झाला. मागून डायनामोच्या तारांवरच्या जळक्या लाखेचा वास पेठभर पसरला. गिरणीतल्या हमालानं नंतर सांगितलं की व्होल्टचा काटा लाल रेघेच्या पार गेला होता, गिरणीत पारखायला लावलेला दिवा आधीच फुटला होता, तो हमाल ओरडत होता, पण मिस्त्री ऐकेनात, इंजिनाच्या वेगाची चाकी धरून उभे राहिले ते उभेच.

मग मशाली पेटवल्या. त्यांच्यावर पतंगांची झुंबड उडाली आणि चरचर आवाज यायला लागला. शेठजींच्या आई उठल्या आणि आत निघून गेल्या. मला कुणी काही म्हणालं नाही. म्हणायला पाहिजे होतं, असं वाटलं. मी पदर डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढून घेतला आणि बायकांच्या मागून भिंतीच्या कडेकडेनं घरी आले.

शेठजी भले माणूस. पुण्याचा माणूस येईपर्यंत इंजिन बघा, म्हणाले. हेच राहिले नाहीत. खोली आवरली, भांडी बांधली, आणि आम्ही गाडी करून लोणीला आलो. वाटभर हे माझ्याकडं पाठ करून बसले होते. माझ्यावर रागावले असते तर बरं वाटलं असतं. घरी थोरल्या दिरांनी विचारलं, "का रं, परत?" हे म्हणाले, "यंत्र जळलं." तेवढंच.

पुढं मोट, पाट, शेत. डायनामोचं नाव आमच्या घरात निघालं नाही. मी त्या दिवसापासून नाव घ्यायचं सोडलं. हळदीकुंकवात, बारशात, लग्नात बाया मागं लागायच्या, मी काहीतरी सबब सांगून उठायची. गावात झालं की मास्तरांची मुलगी शिष्ट आहे. असू दे म्हटलं. ते नाव माझ्या तोंडातून त्या मांडवात असं निघालं होतं की पुन्हा उच्चारायची मला हिंमत व्हायची नाही. हे त्यावर कधी काही बोलले नाहीत. मला वाटायचं, यांनी मला माफ केलेलं नाही, आणि ते बरोबरच आहे.

बऱ्याच वर्षांनी थोरल्या दिरांच्या मुलाचं लग्न होतं. आमचे केस पिकले होते. दारात मांडव, एकीकडं पुरुष, एकीकडं बायका. सुना-भाच्यांनी मला घेरलं. "काकी, आज न्हाई सोडणार! नाव घ्या!" मी नेहमीसारखी उठायला लागले.

तेवढ्यात पुरुषांच्या बाजूनं आवाज आला. "पणत्यांचा म्हण."

हे बोलले होते. भावांच्या मधोमध बसले होते, सुपारी कातरत, मान खाली. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले, कारण पुरुषमाणसानं बायकांच्या खेळात बोलायचं नसतं. ह्यांनी मान वर केली नाही. "त्यो जुन्नरचा. पणत्यांचा," पुन्हा म्हणाले.

उठता उठता मी तिथंच थांबले. मी म्हटला. वीस पणत्या लावल्या ओळीनं, दहा घेतल्या काढून. शेवटी नाव घेतलं तेव्हा आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. बाया "घेतलं, घेतलं!" म्हणून ओरडल्या.

थोरले दीर हसत म्हणाले, "का रं, दहाच का काढल्या?"

खळ्यावर विचारायचे तोच सूर. ह्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "कारण तारा दोन असत्यात. एक जाती, एक येती. म्या एकच मोजली व्हती. मला भागाकार येत न्हाई, दादा. हिला येतोय. हिचं बरोबर व्हतं."

कुणी हसलं की नाही, मला आठवत नाही. मी पदर तोंडावर ओढून घेतला होता.